सातवी पायरी

पहाटेचे चार. प्लेट वर आलेली, कोरी.
एकोणीसशे थर मोजले यंत्राने इमानेइतबारे,
एकही चढला नाही.
अख्खा सिग्नल खाली ट्रेच्या तळाशी,
फिल्मला बिलगलेला राखाडी पापुद्रा,
दुधावरच्या सायीसारखा.

वहीत लिहिलं: प्रयत्न अकरावा. नाही.
एकतीस वर्षं अशाच नोंदी ठेवल्या मी
कुइक्कालाम्पीच्या केबिनमध्ये,
गाडीचा नंबर, वेळ, रुळांवर बर्फ किती.
तिथे ‘नाही’ क्वचितच लिहावं लागायचं.

काय काय केलं, सांगतो.
प्लेटखाली कागद सरकवून स्क्रू पिळले,
कागद अडेल पण फाटणार नाही, इतकेच.
पहिल्या थरांना उजेड दिला तीस सेकंद,
मग पंचेचाळीस, मग सत्तर.
सत्तरला पाया असा चिकटला
की पटाशीने खरवडावा लागला,
आणि वरचा खांब मात्र नव्हताच.
फिल्म बदलली. नवी ताणून
डफासारखी बोटाने वाजवून पाहिली.
टेकू जाड केले, टेकू वाढवले,
शेवटी टेकूंच्या रानात शिडीच दिसेना.
मेव्हणा ऑर्वो फोनवर म्हणाला,
दे परत ते खोकं, काडीचा कर सिग्नल.
मी फोन ठेवला.

बाहेर उणे एकोणीस. शेडमध्ये तेरा.
सानेल्मा फावडं परत द्यायला आली,
शेजारची, पुढच्या खोलीत नखं रंगवून देते गावाला.
दारातच थबकली, वासाने नाक मुरडलं,
बाटली उचलली, तिरकी केली.
‘हे असं काकवीसारखं का ओघळतंय?
माझं जेलही जानेवारीत असंच रुसतं.
गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास
काखेत धरून बसते मी बाटली.’

काखेत.
आणि मी महिनाभर
गावाला वळसे घालत होतो.

बसलो मग स्टुलावर, कोटाच्या आत बाटली,
दोघंही गप्प, दोघंही हळूहळू ऊब धरत.
यंत्रावर जुनी गोधडी टाकली,
तिच्याखाली तिने आणलेला
पिल्लांना ऊब देणारा दिवा.
रात्रभर ऐकत होतो.
प्लेट बुडी मारायची, वर यायची,
शनिवारी तळ्यातल्या बर्फाच्या भोकात
सानेल्मा आणि तिच्या मैत्रिणी मारतात तशी,
फक्त ही दर बुडीला
केसभर उंच होऊन यायची.

सकाळी सिग्नल प्लेटला उलटा लटकलेला.
वटवाघूळ. पूर्ण. हात पसरलेला.
हातमोजे घालून स्पिरिटमध्ये धुतला.
पक्का करायला ऊन हवं,
ते इथे साडेनऊला येतं आणि तेही नावापुरतं.
म्हणून सानेल्माचा नखांचा दिवा:
जिथे नवऱ्या मुलींची बोटं जातात
तिथे माझा सिग्नल आडवा, दोन मिनिटं,
मग कूस बदलून पुन्हा दोन.

टेकू कापताना कात्री घसरली.
शिडीची सातवी पायरी
टेकूबरोबर निघून आली.

नकाशात बाराही पायऱ्या होत्या, मी बाराही काढल्या होत्या.
पण खऱ्या शिडीला सातवी
त्र्याऐंशीच्या हिवाळ्यापासून नव्हतीच.
दोन पत्रं लिहिली होती मी. उत्तर आलं नाही.
काचेवरचा बर्फ पुसायला अंधारात चढायचं,
सहावीनंतर पाय आपसूक लांब पडायचा.
नव्या पोरांना पहिल्या दिवशी
मी आधी एवढंच शिकवायचो.

‘एक पायरी तुटली की,’ सानेल्मा म्हणाली,
‘पुन्हा छाप. आता जमतंय ना.’
बघू, म्हटलं.
सिग्नल तिच्या हातून घेतला
आणि रुळांपाशी नेऊन चिकटवला.

आज पाण्याची टाकी.
बाटली काखेत घेऊनच हे लिहितोय.
आतून पोकळ ठेवली, हवेला भोक ठेवायचं विसरलो,
सातशेव्या थराला फट्‌ असा आवाज आला.
टाकी. प्रयत्न पहिला. नाही.